धक्क्याला लागलेला फोन

आमच्या घरात ‘डॉक’ या शब्दाला एकच अर्थ होता. आजी गोदी म्हणायची, बाबा डॉक म्हणायचे, आणि पाळीप्रमाणे कधी पहाटे तर कधी भर दुपारी डबा घेऊन ते तिथं जायचे. मुंबई बंदरात ते टॅली क्लार्क होते. जहाजाच्या पोटातून क्रेननं गोणी, पेट्या, पिंपं वर यायची, धक्क्यावर उतरायची आणि बाबांनी ती मोजायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. झाली एक जुडी. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मधल्या बोटावरचा पेन्सिलीचा घट्टा अजून गेलेला नाही.

म्हणून २०२२ च्या जूनमध्ये एका रात्री जेवताना मी म्हणालो, “लॅपटॉप गेला. आता एखादं डॉक बघतो,” तेव्हा भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“तुला कोण घेणार डॉकवर?”

लॅपटॉप खरोखरच गेला होता. दुरुस्तीवाल्यानं ‘मदरबोर्ड’ एवढा एकच शब्द उच्चारला, पुढचा आकडा ऐकायच्या आत मी लॅपटॉप पिशवीत घातला. मी भाषांतरं करतो. कथा-कवितांची नाही, मिक्सर, पाण्याचे पंप, रक्तदाब मोजायची यंत्रं यांच्याबरोबर जी बारीक अक्षरातली पुस्तिका येते आणि जी कुणीही वाचत नाही, तिची. ‘ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नये’ हे वाक्य मी माझ्या सहीपेक्षा जास्त वेळा लिहिलं असेल. त्या आठवड्यात वॉशिंग मशीनची चाळीस पानं द्यायची होती. दोन दिवस ती फोनवर अंगठ्यांनी बडवली. तिसऱ्या दिवशी मान उजवीकडे वळेना.

मान शेकत पडलो असताना डोक्यात आलं की हातात जो फोन आहे त्याची मेमरी माझ्या पहिल्या कॉम्प्युटरच्या बत्तीस पट आहे. त्या कॉम्प्युटरवर मी पाच वर्षं पोट भरलं. मग आज अडलंय कुठं? फोन कमी पडत नव्हता. पडदा, कीबोर्ड आणि कोपर टेकायला जागा कमी पडत होती. यातल्या दोन गोष्टी घरात होत्या. जुना कीबोर्ड माळ्यावर, आणि पडदा म्हणून भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही. मधे फक्त एक दुवा हवा होता. अशा दुव्यालाच डॉक म्हणतात.

तो आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, पावसात, पिशवी डोक्यावर धरून. दुकानदारानं सी टाइपचा हब दिला. एका बाजूला फोनमध्ये जाणारी शेपटी, दुसऱ्या बाजूला टीव्हीच्या तारेसाठी एचडीएमआय, दोन यूएसबी, चार्जिंगचं भोक. घरी येऊन जोडला. हबवरचा निळा दिवा लागला. माऊस हलवला तर फोनच्या पडद्यावर चक्क बाण फिरायला लागला. कीबोर्डही चालला. टीव्ही मात्र ‘नो सिग्नल’ या दोन शब्दांपुढे जाईना. दुसऱ्या दिवशी परत गेलो तर दुकानदारानं माझा हब स्वतःच्या फोनला लावून दाखवला. त्याच्या फोनचं चित्र दुकानातल्या टीव्हीवर लख्ख.

“साहेब, हब एकदम ओके आहे. तुमच्या फोनमधनंच पिक्चर बाहेर येत नाय.”

हे मला तोवर ठाऊक नव्हतं. सी टाइपच्या त्या लहानशा तोंडात चोवीस पिना असतात, बाराच्या दोन रांगा. त्यातल्या काही वीज नेतात, दोन तारांची जोडी जुन्या यूएसबी २.० ची सावकाश चालणारी माहिती नेते, आणि वेगवान माहितीसाठी चार वेगळ्या वाटा असतात. चित्र टीव्हीपर्यंत जायचं तर ते या वेगवान वाटांवरून जातं. त्या वाटा डिस्प्लेपोर्टला, म्हणजे पडद्यापर्यंत चित्र नेण्याच्या एका पद्धतीला, उसन्या द्यायची सोय २०१४ मध्येच ठरली, सी टाइपचं मानक आलं त्याच वर्षी. पण ती सोय द्यायची की नाही हे फोन बनवणाऱ्याच्या मर्जीवर. बहुतेक स्वस्त आणि मध्यम किमतीच्या फोनमध्ये आत फक्त जुनी यूएसबी २.० ची जोडी जोडलेली असते, बाकीच्या वाटा कोऱ्या. बाहेरून बघाल तर तोंड तेच, आकार तोच, केबलही खटकन बसते.

बाबांना हे सांगितलं. पिनांची संख्या त्यांनी सोडून दिली, पण शेवटचं वाक्य बरोबर पकडलं. “म्हणजे कंटेनर,” ते म्हणाले. “बाहेरनं सगळे सारखे. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.”

कंटेनर हा आमच्या घरात रागाचा शब्द आहे, म्हणून त्या उपमेचं मला थोडं आश्चर्य वाटलं. त्याविषयी नंतर.

हब परत गेला नाही, तो अजून खणात आहे. फोन बदलायचे पैसे नव्हते. मग ठाण्याच्या एका मित्राशी बोलताना ही रड त्याला ऐकवली तर तो म्हणाला, “अरे, माझा जुना सॅमसंगचा एस८ पडलाय कपाटात. त्याच्याबरोबर ते गोल यंत्र पण घेतलेलं मी हौसेनं. दोनदा वापरलं असेल. स्क्रीनला तडा गेलाय फोनच्या, माझ्याच हातून पडला होता. चालत असेल तर घेऊन जा.” मित्राच्या घरी तेव्हा दोन लॅपटॉप होते, एक कंपनीचा आणि एक स्वतःचा.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अशा वेळी सुचली नाही तर कधी सुचणार? फोनचा कॉम्प्युटर करायची ही सोय ज्यांना खरोखर लागते त्यांच्या फोनमध्ये ती नसते. ज्यांच्या फोनमध्ये ती असते त्यांच्या टेबलावर लॅपटॉप आधीच उघडा असतो. या एका वाक्यात या सगळ्या उद्योगाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास आला असं माझं मत आहे. तरीही तो इतिहास मजेदार आहे, त्यामुळे थोडा सांगतोच.

२०११ च्या जानेवारीत मोटोरोलानं लास व्हेगासच्या प्रदर्शनात अ‍ॅट्रिक्स नावाचा फोन दाखवला. त्याच्यासोबत लॅपडॉक. ११.६ इंची पडदा, कीबोर्ड, बॅटरी, सगळं लॅपटॉपसारखं, फक्त मेंदू नाही. मागच्या बाजूला फोन खोचला की तोच मेंदू. कल्पना सुरेख, पण नुसत्या लॅपडॉकची किंमत ५०० डॉलर. तेवढ्या पैशात मेंदूसकट लॅपटॉप येत होता. २०१२ संपता संपता कंपनीनं तो नाद सोडला. उरलेले लॅपडॉक पुढे हौशी लोकांनी स्वस्तात उचलले आणि त्यांना रास्पबेरी पाय नावाचे इवलेसे कॉम्प्युटर जोडले. बिनमेंदूच्या धडाला कुणीतरी मेंदू दिलाच. २०१३ मध्ये उबुंटू ही कॉम्प्युटरची प्रणाली बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीनं ‘एज’ नावाच्या अशाच फोनसाठी लोकांकडून महिन्याभरात ३ कोटी २० लाख डॉलर जमवायचं ठरवलं. वचनं आली सुमारे १ कोटी २८ लाखांची. लोकवर्गणीसाठी रक्कम मोठीच होती, पण लक्ष्य गाठलं नाही म्हणून सगळे पैसे परत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ल्युमिया ९५० बरोबर एक लहानसा जड चौकोनी डॉक आणला. त्यात विंडोज दिसायचं खरं, पण ज्या जुन्या प्रोग्रॅमसाठी माणसं विंडोजला चिकटून असतात तेच त्यात चालत नसत. लग्नाचं आमंत्रण, आणि पंगतीत भात नाही.

मग २०१७ च्या मार्चमध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी एस८ बरोबर डेक्स आणलं, फोन मोठ्या पडद्यावर डेस्कटॉपसारखा चालवायची सोय. मित्राच्या कपाटात होतं ते हेच.

दिसायला ते यंत्र कुंकवाच्या मोठ्या करंड्यासारखं. काळं, गोल, चपटं. झाकण मागे सरकवलं की तेच टेकू होतं आणि समोर सी टाइपचं टोक वर येतं. त्यावर फोन उभा बसवायचा. मागे टीव्हीची तार, चार्जरची तार, इंटरनेटची तार आणि दोन यूएसबी. पोटात एक इवलासा पंखा, फोनची पाठ थंड ठेवायला. मी फोन बसवला, टीव्ही क्षणभर काळा झाला आणि मग खाली पट्टी, डावीकडे चित्रं, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. डेस्कटॉप! भिंतीवर! एरवी जिथं सासूच्या कपात विष कालवलं जातं तिथं.

बाबा झोपाळ्यावरून उठून आले. तडा गेलेला फोन त्या करंड्यात तिरका उभा होता. त्याचा स्वतःचा पडदा काळा, सगळा प्रकाश टीव्हीवर. त्यांनी वाकून मागच्या तारा एक एक करून पाहिल्या. कुठली कशाची ते विचारलं.

“लागली का बोट धक्क्याला?” ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्याकडे ‘काम सुरू केलंस का’ असं कुणी विचारत नाही.

वॉशिंग मशीनची पानं तिथं पूर्ण झाली आणि नंतरचे तीन महिने मी त्याच्यावरच काढले. कौतुकाच्या भरात खोटं बोलायचं नाही म्हणून हेही सांगतो की ते लॅपटॉपसारखं नव्हतं. ब्राउझर शेवटपर्यंत स्वतःला फोनच समजत राहिला. प्रत्येक साइट पोस्टरएवढ्या अक्षरात उघडायची आणि दर वेळी ‘डेस्कटॉप साइट’ची खूण करावी लागायची. काही अ‍ॅप खिडकीसारखी हवी तशी ओढता यायची, काही मात्र फोनच्याच आकाराची हटून बसायची. बत्तीस इंची पडद्याच्या मधोमध एवढीशी उभी पट्टी, मोठ्या पातेल्याच्या तळाला वाटीभर आमटी उरावी तशी. मराठी टायपिंगसाठी एक दिवस शोधाशोध करावी लागली. पण इनस्क्रिप्टची मांडणी एकदा लागू झाल्यावर बोटांना रस्ता पाठ होता. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, पाय मोडायला डी. अंगठ्यानं लिहिलेलं आणि दहा बोटांनी लिहिलेलं वाक्य वेगळं असतं अशी माझी समजूत आहे. अंगठ्याचं वाक्य लवकर संपायला बघतं. दहा बोटांना मधेच एखादं पोटवाक्य घ्यायला भीती वाटत नाही.

खरी अडचण टीव्हीची होती. सात ते साडेनऊ तो आईचा. त्याला अपील नाही. पावणेसातला ती पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहायची, बोलायची काहीच नाही. बाबा मात्र झोपाळ्यावरून मोठ्यानं म्हणायचे, “डेमरेज लागतंय हां!” ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ माल धक्क्यावर पडून राहिला की मालकाला जे भाडं भरावं लागतं ते डेमरेज. माझं डेमरेज म्हणजे दुसऱ्या दिवशीची भाजी आणणं. माझ्या कामाचे तास अशा रीतीनं मालिकांच्या वेळापत्रकानं ठरले, आणि सांगायला हरकत नाही, नोकरीत असताना कुणी साहेब मला इतका वेळेवर उठवू शकला नव्हता.

आणखी एक प्रकार सुरुवातीला दोन-तीनदा घडला. मी लिहिण्यात गढलेला, फोन वाजला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे गेला. करंड्यातून फोन उचलून कानाला लावला. भिंतीवरचं सगळं क्षणात गायब. खिडक्या, पानं, अर्धं वाक्य. पलीकडून काम देणाऱ्या बाई विचारत होत्या, “झालं का?” आणि मी ‘नो सिग्नल’कडे बघत होतो. मजकूर वाचला, तो आपोआप जतन होत होता. बाबा म्हणाले, “माल उतरायच्या आत बोट सोडलीस.” आई म्हणाली, “बंदच केलंयस तर लाव माझं.”

त्यानंतर फोनला हात लावायचा नाही हे शिकलो. फोन आला तर माऊसनं घ्यायचा, स्पीकरवर बोलायचं, घरभर ऐकू जाईल ते जाऊ द्यायचं. आणि यातून एक गोष्ट घडली ती मी ठरवून केली नव्हती. काम चालू असताना फोन माझ्या हातात नसायचा. तो समोर असायचा, जागा असायचा, पण जागेवर असायचा. पाणी प्यायला उठलो तर एकटा उठायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी अळूची पानं लावलीत हे मला त्या जुलैत दिसलं. ती तिथं चार वर्षं होती म्हणे.

लॅपटॉप मी पुष्कळ वापरले, पण लॅपटॉपनं हे केलं नव्हतं, कारण लॅपटॉपच्या शेजारी फोन असतोच. दोन यंत्रं, दोन्हीकडून हाका. इथं एकच यंत्र होतं आणि ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकत होतं. बाबांना मी म्हणालो की फोनला जरा विश्रांती मिळते तिथं. त्यांना ते पटलं नाही. “बोट धक्क्याला विश्रांतीला लागत नाही. तिथंच तर तिचं काम असतं. विश्रांती तिची समुद्रात.” याच्यावर मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. फोन खिशात असतो तेव्हा तो नुसता तरंगत असतो. आपणही.

आता कंटेनरचं. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅक्लीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्यानं एका जुन्या टँकर जहाजावर अठ्ठावन्न पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. सुटा माल एकेक चढवण्याऐवजी भरलेली पेटीच उचलायची. पुढे पेट्यांची मापं जगभर एकसारखी ठरली आणि कुठलीही पेटी कुठल्याही क्रेनला, कुठल्याही ट्रकला बसू लागली. सी टाइपमागची कल्पना तीच आहे, एकच तोंड, सगळ्यांना चालेल असं. मुंबईत बाबा धक्क्यावर उभे होते तेव्हा समोर खाडीपलीकडे न्हावा शेवाचं बंदर उभं राहत होतं. १९८९ मध्ये ते सुरू झालं आणि पेट्या तिकडे जाऊ लागल्या. पेटी आली की आतल्या गोणी मोजायला धक्क्यावर माणूस लागत नाही. पेटीवर क्रमांक असतो, कुलपावर सील असतं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या ब्रिटिशांच्या काळातल्या दोन गोद्या, ज्यांच्यात भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घेऊन मागे दार लावत, त्या शेवटी बुजवल्या गेल्या. कशासाठी, तर कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून. बाबा हे सांगतात तेव्हा आवाज चढत नाही, पण चहा गार होतो.

माझ्या गोल डॉकची गतही फारशी वेगळी नाही. तो आला २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये सॅमसंगचा नोट ९ फोन आला तेव्हा कंपनीनं डॉकची गरजच काढून टाकली, नुसती एचडीएमआयची तार पुरे झाली. २०२० पासून तर तारही नको, हवेतून टीव्हीवर. मधे त्यांनी फोनवर लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली पूर्ण चालवायचा प्रयोगही केला आणि २०१९ मध्ये तो गुंडाळला. २०२५ च्या मे महिन्यात गूगलनं जाहीर केलं की डेक्सच्याच पायावर खुद्द अँड्रॉइडमध्ये खिडक्यांचा डेस्कटॉप येतोय. ठीक आहे, येऊ दे. पण चोवीस पिनांतल्या कोऱ्या वाटा स्वस्त फोनमध्ये कोऱ्याच राहिल्या तर ज्या घरात एकच फोन आणि एकच टीव्ही आहे त्या घरात तो येणार कसा, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या खालच्या मजल्यावर दहावीतली एक मुलगी प्रकल्पाची पानं फोनवर टाइप करते. तिच्या घरी टीव्ही आमच्यापेक्षा मोठा आहे.

त्याच २०२२ च्या ऑक्टोबरात मी जुनाच पण धडका लॅपटॉप घेतला. करंडा आणि फोन कपाटात जाणार होते, तेवढ्यात बाबांनी विचारलं, “ते लावून ठेवतोस का माझ्या टेबलावर?”

कारण पाण्याचं होतं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात. किती आले, किती वाजता आले, भरलेले होते का अर्धे, यावरून दर महिन्याला बिलाच्या वेळी भांडणं. त्याच्या आदल्या वर्षी सेक्रेटरींनी हे काम बाबांवर सोपवलं. तेव्हापासून फाटकाशी खुर्ची टाकून ते वहीत रेघा मारतात, आणि टँकरवाल्याशी वाद घालायची कुणाला गरज पडलेली नाही. आता त्यांना ते ‘कॉम्प्युटरवर’ हवं होतं, कारण महिन्याची बेरीज सगळ्यांच्या फोनवर पाठवता येईल असं मुलीनं, म्हणजे त्यांच्या नातीनं, त्यांना सांगून ठेवलं होतं.

शेजाऱ्यांचा जुना एकोणीस इंची मॉनिटर मिळाला. मी शीट उघडून रकाने आखून दिले: तारीख, वेळ, संख्या. संख्येच्या रकान्यात आकडा घालायचा, खाली बेरीज आपोआप येईल. बाबांनी मान डोलावली, चष्मा सारखा केला आणि कीबोर्डवर एका बोटानं उभी रेघ शोधली. ती एन्टरच्या वर असते. मारली. आणखी एक. चार उभ्या झाल्या.

“आडवी कशी मारायची?”

मी म्हटलं, आकडा घाला ना बाबा, पाच. ते म्हणाले, आकडा शेवटी असतो, टॅली आधी. मी जरा विचार केला, चारही रेघा निवडल्या आणि मधून खोडरेघ दिली. हुबेहूब जुडी दिसायला लागली.

ते बराच वेळ बघत राहिले.

“हे खोडल्यासारखं दिसतंय,” ते म्हणाले, आणि वही जवळ ओढली.